आडात होतं, पोहरा नव्हता

बाबांना आम्ही खुर्चीत बसवून खाली उतरवलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. उभं धरलं तर माणूस घसरतो, आडवं धरलं तर दार लागत नाही. शेवटी रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या दोन मुलांनी त्यांना घरातल्याच एका लाकडी खुर्चीत पट्ट्याने बांधलं आणि चार मजले जिन्याने उतरवले. प्रत्येक वळणावर खुर्चीचे मागचे पाय भिंतीला घासत होते. त्या भिंतीवर अजून चार ओरखडे आहेत, मजल्यागणिक एक. मी ऑक्सिजनचा सिलिंडर धरून मागून उतरत होते आणि, सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या मजल्याच्या आसपास माझ्या डोक्यात आला तो पैशाचा विचार. काळजीचासुद्धा नव्हे, दिलाशाचा. ‘चला, निदान तो फ्लॅट आहे.’

तो फ्लॅट म्हणजे आमचा दुसरा फ्लॅट. राहायचा नव्हे, ठेवायचा. आठ वर्षांपूर्वी बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून घेतलेला. त्यांची साठवलेली रक्कम, माझं कर्ज, कागदावर दोघांची नावं. दादा तेव्हा फोनवर म्हणाला होता, “बाबा, सगळं त्यात नका घालू. थोडं हाताशी राहू दे.” लांब राहणाऱ्याच्या सल्ल्याला घरात जेवढी किंमत असते तेवढीच त्याला मिळाली. पुढे भाव वाढत गेले. वर्षातून दोन-तीनदा मी त्याच इमारतीतल्या विक्रीच्या जाहिराती बघायची आणि मनातल्या मनात आमच्या श्रीमंतीचा हिशेब करायची. हिशेब चुकीचा नव्हता. त्यात फक्त एक रकाना नव्हता: किती दिवसांत?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी आहे. आमची गत उलटी होती. आड काठोकाठ भरलेला होता. पोहरा नव्हता, दोर नव्हता, आणि आम्हाला तहान लागेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

हॉस्पिटलातल्या खिडकीपाशी पैशाची भाषा फार सोपी असते. दाखल करताना अनामत, तिसऱ्या दिवशी आणखी, मग रोज संध्याकाळी फोन. त्या खिडकीपलीकडची मुलगी उद्धट नव्हती. तिच्यासमोरच्या पडद्यावर एक आकडा लाल झाला की ती माझ्याकडे बघायची, एवढंच. तिला मी एकदा खरोखर म्हणाले, “आमचा एक फ्लॅट आहे.” ती म्हणाली, “हो का मॅडम,” आणि कार्डाचं मशीन पुढे सरकवलं.

घर विकायला काय लागतं याची यादी मी पाचव्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये केली. एजंट, फोटो, घर बघायला येणारे, त्यातले निम्मे हौशी, घासाघीस, बयाणा, कागदपत्रांची छाननी, खरेदीदाराचं कर्ज, त्याच्या बँकेचा वकील, सह्या, नोंदणी. वाचताना वाटतं की कुणीतरी मुद्दाम वेळ काढतंय. पण त्यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच आहे. कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो, म्हणून तो क्षणात विकता येतो. घरं तशी नसतात. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत एकाला ऊन येतं, एकाला येत नाही. एकाचे कागद सरळ असतात, एकाच्या कागदांत कुणा चुलत्याचं नाव लपलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक घराची किंमत दरवेळी नव्याने शोधावी लागते आणि मालकी दरवेळी नव्याने सिद्ध करावी लागते. आपल्या भाषेने याला ‘स्थावर’ म्हटलं ते उगाच नाही. जे उभं राहतं, हलत नाही ते. हलत नाही म्हणूनच आपण त्यावर भरवसा टाकतो, आणि ऐन वेळी ते हललं नाही की रागावतो.

आणि मग सही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर मी हसले असते. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यामुळे विकायला दोघांच्या सह्या हव्यात. पैसे ज्यांच्या उपचारासाठी हवे होते, तेच सही करणार होते, आणि ते व्हेंटिलेटरवर गुंगीत होते. मी वकिलाला फोन केला. मुखत्यारपत्र आहे का, त्यांनी विचारलं. नव्हतं. आता करता येईल का, मी विचारलं. पलीकडे थोडी शांतता पसरली. मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळत असावं लागतं. आणि अनेक ठिकाणच्या कायद्यात, आधी केलेलं साधं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याची समज हरपली की निरुपयोगी होतं. काही देशांत त्यासाठी वेगळा दस्त असतो, जो माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही तरी चालू राहतो. इंग्लंडमध्ये २००७पासून तो ‘लास्टिंग’ म्हणजे टिकाऊ या नावानेच ओळखला जातो. पण तोही धडधाकट असतानाच करून ठेवावा लागतो. धडधाकट माणसाला हे कोण सांगणार? “बाबा, तुम्ही बेशुद्ध पडलात तर...” असं वाक्य आमच्या घरात सुरू झालं असतं, तरी पूर्ण झालं नसतं.

विमा होता. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना ते खरं वाटणार नाही. विमा कंपनीने शेवटी दिलेली रक्कम कमी नव्हती. ती उशिरा आली आणि काही ओळी वगळून आली, इतकंच. खोलीच्या भाड्याची मर्यादा, वापरून फेकायच्या वस्तू, जुन्या आजाराशी ‘संबंधित’ म्हणून बाजूला काढलेली एक तपासणी. मधलं अंतर आम्हीच भरायचं होतं.

त्या अंतरात माझा पगार होता, आणि तोही कापला जात होता. रजा संपल्या, बिनपगारी सुरू झाल्या. फ्लॅटमधले भाडेकरू महिनाभरापूर्वी सोडून गेलेले, नवे यायचे होते, त्यामुळे भाडं बंद आणि कर्जाचा हप्ता चालू. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला, त्या विषयाचा पायाच तो. त्यात त्याने हे साध्या शब्दांत मांडलंय: आजारपणाचा खर्च अवेळी, न सांगता येतो, आणि येताना कमावण्याची ताकदही कमी करतो. खर्च आणि कमाई हे दोन वेगळे धोके आहेत असं मी धरून चालले होते. एक आला तर दुसरा सांभाळेल. ते दोघे एकाच दारातून आत आले.

नवव्या दिवशी एजंटाचा फोन आला. “ताई, पार्टी आहे. रक्कम तयार आहे, कर्जाची भानगड नाही. पण भाव जरा...” तो जरा म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा होता. आमची परिस्थिती त्या माणसाला कुणी सांगितली होती, देव जाणे. एजंटानेच सांगितली असणार. घाईत विकणारा माणूस हीसुद्धा त्यांच्या धंद्यातली एक बातमी असते. अडला हरी आणि पुढचं सगळं मला तेव्हा आठवलं, फक्त यातला गाढव कोण ते ठरवता येईना.

पुढे कधीतरी मी यावरचं संशोधन वाचलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वीसेक वर्षांच्या घरविक्रीचे व्यवहार तपासून तीन अभ्यासकांनी २०११ साली लिहिलेला लेख. बँकेने जप्त करून विकलेली घरं सरासरी २७ टक्के कमी किमतीला गेली. मला जास्त लागलं ते त्याच्या शेजारचं वाक्य: मालकाच्या मृत्यूच्या किंवा दिवाळखोरीच्या आसपास विकली गेलेली घरंही इतरांपेक्षा स्वस्त गेली. मृत्यूनंतर विकलेल्या घरांची, मालक म्हातारे असल्यामुळे, डागडुजी राहून गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज. मला मात्र त्यात वेळ नसलेले मालकच दिसले. आमचा पाव हिस्सा म्हणजे काही आमच्यावर कोसळलेलं खास संकट नव्हतं तर. बाजारभावच होता तो, घाईचा.

बाबा पंधराव्या दिवशी बोलण्याइतके सावध झाले. घशातून नळी काढल्यामुळे आवाज फुटत नव्हता. मी त्यांना त्या गिऱ्हाइकाबद्दल सांगितलं. पार्टी अजून थांबली होती. बाबा कुजबुजले, “देऊन टाक.” मी म्हणाले, “भाव पाडून मागतोय बाबा.” ते म्हणाले, “मग काय झालं.”

मी दिला नाही.

इथे मला स्वतःला बरंच काही म्हणता आलं असतं. की बाबांच्या कष्टाचा पैसा मातीमोल होऊ द्यायचा नव्हता, की मुलगी म्हणून माझं ते कर्तव्य होतं. खरं कारण एवढंच की माझ्या डोक्यात एक आकडा बसला होता. जाहिराती बघून बघून मीच बसवलेला. तो आकडा कुणी कधी मला दिला नव्हता, तरी त्याच्यापेक्षा कमी घेणं म्हणजे माझ्या खिशातून चोरी झाल्यासारखं वाटत होतं. बोस्टनमधल्या १९९०च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीवर असाच एक अभ्यास आहे (पुन्हा मॅसॅच्युसेट्सच, तिथल्या लोकांनी घरं विकण्यापलीकडे काही केलं की नाही कोण जाणे). भाव उतरले असताना ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावं लागणार होतं, ते इतरांपेक्षा चढा भाव सांगत राहिले आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. माझी तर खरेदीची किंमत कधीच वसूल झाली होती. मी न झालेल्या नफ्याचा तोटा सोसायला तयार नव्हते.

मग वैयक्तिक कर्ज काढलं, सगळ्यात महाग व्याजाचं, कारण तेच दोन दिवसांत मिळतं. फ्लॅट गहाण ठेवून स्वस्त कर्ज मिळालं असतं, पण त्यालाही मूल्यांकन, वकील, दोघांच्या सह्या. बाबा सही करू शकत होते आता, आणि केलीही. ती परत आली. हात थरथरत होता, सही जुन्या नमुन्याशी जुळत नव्हती. बाबांनी कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव गिरवायला घेतलं. पहिलीतल्या पोरासारखं, जीभ दातांत धरून. बारा-पंधरा वेळा. मी तो कागद ठेवलाय.

उरलेलं दादाने पाठवलं. “थोडं हाताशी राहू दे” म्हणणाऱ्याच्या हाताशी होतं. तो एका शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

फ्लॅट आठ महिन्यांनी विकला गेला. त्या पहिल्या पार्टीपेक्षा बऱ्या भावाला, माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा कमी. जास्तीचे जे मिळाले त्यातून महाग कर्जाचं व्याज, आठ महिन्यांचा हप्ता, देखभाल खर्च वजा केला तर हातात आलं ते जवळपास तेवढंच, जेवढं बाबांनी “देऊन टाक” म्हटलं त्या दिवशी मिळालं असतं. मी हा हिशेब तीनदा केला. दर वेळी थोडं वेगळं उत्तर येतं, पण मला हवं तेवढं वेगळं कधीच येत नाही. त्या आठ महिन्यांतल्या किती संध्याकाळी मी बाबांच्या खोलीत बसून एजंटाशी बोलत होते, ते कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाही. बाबा व्यायामाचा चेंडू दाबत बसायचे आणि माझा फोन संपायची वाट बघायचे.

एक गोष्ट मात्र मला विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांचा २०२३चा एक अहवाल सांगतो की २०१९ साली स्वतःच्या खिशातून केलेल्या उपचारखर्चामुळे जगातल्या सुमारे २०० कोटी माणसांची आर्थिक कोंडी झाली. त्यातल्या बहुतेकांकडे आड नव्हताच. माझी सगळी तक्रार पोहऱ्याची आहे. हे लिहिताना त्याची जाणीव आहे, तरी लिहितेय, कारण माझ्यासारखे आड खोदणारे मला आजूबाजूला रोज दिसतात. पहिलं घर, दुसरं घर, मग एक प्लॉट. आणि बँकेच्या खात्यात जेमतेम दोन पगार.

केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली, माणसं व्याज सोडून रोख रक्कम जवळ का ठेवतात याची तीन कारणं दिली: रोजचे व्यवहार, खबरदारी आणि सट्टा. मी कॉलेजात हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पुढे नोकरी लागल्यावर मला रोख पैसा ‘पडून राहिलेला’ दिसायला लागला. पडून राहिलेला पैसा महागाईत झिजतो, हे खरंच आहे. दादाच्या खात्यातला पैसाही झिजत होता. झिजत झिजत तो दोन मिनिटांत माझ्याकडे पोचला.

दादाने नंतर सुचवलं की जमीनजुमल्यातच राहायचं असेल तर कागदी स्वरूपात राहा. अमेरिकेत १९६०च्या कायद्याने सुरू झालेले रीट्स आता कितीतरी देशांत आहेत: मोठ्या इमारतींच्या मालकीचे छोटे तुकडे, शेअरसारखे विकता येणारे. सही नाही, एजंट नाही. चांगली सोय आहे. पण बाजार पडलेला असताना आजारी पडलात तर विकायची वाट उघडी असते आणि भाव पडलेला असतो. आणि जे नुसते फंड असतात, शेअरबाजारात नोंद नसलेले, त्यांचं तर २०१६ साली ब्रिटनमध्ये दिसलंच. जूनमध्ये युरोपीय संघ सोडण्याचा कौल लागला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्यावसायिक इमारतींमध्ये पैसा घालणाऱ्या अनेक मोठ्या फंडांनी पैसे परत देणं थांबवलं. मागणारे हजारो, आणि इमारती काही एका दुपारी विकता येत नाहीत. मार्च २०२०मध्ये पुन्हा तेच, त्या वेळी तर इमारतींची किंमत किती धरायची हेच मूल्यांकन करणाऱ्यांना ठामपणे सांगता येईना. कागद कितीही हलका केला तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला वीट बांधलेलीच आहे.

बाबांना यातलं काही सांगितलं तर कंटाळतात. त्यांना आवडलेली गोष्ट एकच, आणि ती त्यांनी मला दहा वेळा सांगायला लावली आहे. फ्रान्समधल्या आर्ल गावची झान काल्माँ. १९६५ साली, वयाच्या ९०व्या वर्षी तिने तिचं घर एका नोटरीला विकलं. त्यांच्याकडे एक जुनी पद्धत आहे: घेणाऱ्याने एकरकमी किंमत द्यायची नाही, विकणारा जिवंत असेतो दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, विकणारा घरातच राहतो आणि तो गेला की घर घेणाऱ्याचं. म्हणजे हा पोहराच, महिन्याला एक. राफ्रे हा नोटरी तेव्हा ४७ वर्षांचा होता. ९० वर्षांची बाई, दरमहा २,५०० फ्रँक, किती वर्षं द्यावे लागणार! तो देत राहिला. ३० वर्षं. डिसेंबर १९९५मध्ये, ७७व्या वर्षी, तो गेला. बाई होतीच. मग त्याच्या घरच्यांनी हप्ते चालू ठेवले. काल्माँबाई १९९७ साली १२२व्या वर्षी गेल्या, जगात नोंद झालेलं सगळ्यात दीर्घ आयुष्य जगून.

पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाबा हसता हसता खोकायला लागले आणि मी घाबरून पाणी आणायला धावले. आजारपणानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू. “म्हणजे तो तिच्या मरणाची वाट बघत होता?” हो. “आणि ती?” ती जगत होती, बाबा. यावर ते पुन्हा हसले. नंतर मात्र बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “त्या नोटरीचं गणित चुकलं नव्हतं गं. ९० वर्षांची बाई म्हटल्यावर कुणीही तेच केलं असतं.”

फ्लॅटचे पैसे सध्या बँकेत आहेत. महाग कर्ज फिटलं, दादाचे पैसे परत केले (तो नको म्हणाला, मग घेतले), आणि एक भाग वेगळ्या खात्यात ठेवलाय ज्याला मी हात लावत नाही. उरलेल्याचं काय करायचं यावर घरात दोन मतं आहेत. आश्चर्य म्हणजे पुन्हा घर घ्यावं असं म्हणणारे बाबा आहेत. मुखत्यारपत्र झालंय, त्यांनी स्वतःहून करून दिलं, नव्या सहीने. बँकेत नवा नमुनाही देऊन आले. “आता काय भीती,” म्हणतात.

मागच्या रविवारी त्यांच्या आग्रहाखातर एक घर बघायला गेले. एजंट उत्साही होता. उजेड, हवा, वरून दिसणारं झाडांचं टोक, शेजारी कोण येणार आणि पाच वर्षांत भाव कुठे जाणार, सगळं सांगत होता. मी लिफ्टमध्ये शिरले आणि दोन्ही हात पसरून मागच्या भिंतीपासून दारापर्यंतचं अंतर मोजलं. मग त्याला म्हणाले, जरा टेप मिळेल का?